अक्कांच्या टीव्हीवर चित्र येत नाही

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आलेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, माणसं सज्जन, पाण्याची मोटर वेळेवर बंद करतात. त्यांच्या टीव्हीचं बटण दाबलं की लगेच चित्र येतं. जिना उतरताना उघड्या दारातून मला ते दिसतं आणि उगाचच जीव खट्टू होतो. त्या घरातल्या टीव्हीवर इतक्या सहजासहजी चित्र यावं हे काही मला पटत नाही. कुणीतरी टीव्हीच्या मागं पालथं पडलेलं असावं, कुणीतरी सोफ्यावरून सूचना द्याव्यात, निदान एखादी वायर तरी ओढून बघावी. तसं काही होत नाही. कुणी हाकही मारत नाही.

त्या घरात आधी अक्का राहायच्या. त्यांचं खरं नाव नीलव्वा. कानडीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि आमच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूससुद्धा गाडी थांबवून ‘अक्का’ अशी हाक द्यायचा. एकच माणूस त्यांना अक्का म्हणत नव्हता. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

अक्कांचं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलं. नवरा लवकर गेला. मागं राहिले टॉवेल विणायचे माग, मांडीवरचा मुलगा आणि नातेवाइकांचे सल्ले. सल्ले सोडून बाकी सगळं त्यांनी नीट सांभाळलं. मागाच्या खडखडाटात उभी हयात गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं आणि जगालाही कमीच ऐकू येतं असा त्यांचा समज होता. त्यांचं साधं बोलणं दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट यायचं. गुपित सांगताना त्या आवाज खाली आणत, तेव्हा तो फक्त पार्किंगपर्यंत जायचा.

कारखाना विकला तरी टॉवेल सुटले नव्हते. टीव्हीवर टॉवेल, मिक्सरवर टॉवेल, फ्रिजच्या मुठीला टॉवेल, एवढंच काय, माझ्या स्कूटरच्या सीटवरही एके दिवशी टॉवेल आला. किंचित गडबडलेल्या विणीचा माल त्यांनी घरोघरी वाटून टाकला होता. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत वाळत घातलेले कपडे बघून परका माणूस म्हणेल, की इथं कुठलंतरी वसतिगृह आहे.

यंत्रांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. “बंद पडलं म्हंजे रुसलं. रुसलं म्हंजे कुणाचंतरी चुकलं. यंत्राला नावं ठिवायच्या आदी दोरा बघायचा.” पंखा फिरत नसला तरी दोरा, लिफ्ट अडकली तरी दोरा. दोरा म्हणजे वायर हे आम्ही हळूहळू समजून घेतलं. उन्हाळ्यात मागावरचं सूत कोरडं पडून तुटतं, म्हणून शेडमध्ये पाणी मारतात म्हणे. त्या हिशेबानं एका मे महिन्यात त्यांनी गॅसच्या शेगडीवर, फ्रिजवर आणि टीव्हीवर ओले टॉवेल पसरून ठेवले होते. मी धावत जाऊन टीव्हीवरचा काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, तापलंय किती बघ की बिचारं.

मुलगा बेंगळुरूला. आई एकटी, दुपारभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजते, हे त्याच्या मनाला लागलं असावं. त्यानं एक डबी पाठवून दिली. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, पण आत आख्खा कॉम्प्युटर, आणि त्यात आपल्या लहानपणी पार्लरमध्ये उभं राहून खेळायचो ते सगळे जुने व्हिडिओ गेम भरलेले. डबी टीव्हीला जोडायची आणि खेळायचं. सोबत हातात धरायचे दोन कंट्रोलर. मुलानं फोनवर एका दमात सगळं समजावून सांगितलं. त्यातलं अर्धं अक्कांना ऐकू आलं नाही आणि उरलेलं पटलं नाही. मग त्यांनी मला हाक मारली.

मलाच का, तर मी विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. तिथं मी पॉलिसीचे आकडे टाकतो. कॉम्प्युटर बिघडला की आम्ही सगळे चहाला जातो आणि दुरुस्तीवाला येऊन गेला की परत येतो. हे मी अक्कांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, “दिवसबर त्याच्यापुडंच बसतोस न्हवं मिलिंदा? मग एवढ्याशा डबीला काय भितोस?” रोज एसटीनं जाणाऱ्यानं इंजिन उघडावं, असाच हा प्रकार होता. पण अक्कांना नाही म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

तेव्हापासून माझी एक पद्धत ठरून गेली. खालून हाक आली की जिन्याच्या वळणावर थांबायचं, मोबाइलवर ‘टीव्हीवर चित्र येत नाही’ असं शोधायचं, सापडेल ते घोकायचं आणि मग तज्ज्ञासारखा चेहरा करून खाली उतरायचं. बायको वरून बघायची. परीक्षेच्या दारात पुस्तक उघडणारे नवरे तिला आवडत नाहीत.

पहिल्या दिवशी टीव्ही काळाच. खाली एक ओळ, सिग्नल नाही. डबीवरचा लाल दिवा मात्र ऐटीत जळत होता. मी वायर काढून घातली, भोक बदललं, रिमोटची सगळी बटणं दाबली. वळणावर पाठ केलेलं सगळं संपलं, तेव्हा मी परत वळणावर गेलो. तिथं कळलं, की अशा डब्यांना सुरू होताना समोर टीव्ही जागा लागतो. टीव्ही झोपलेला असला तर डबी समजते की समोर कुणी नाही, आणि चित्र पाठवतच नाही. म्हणून आधी टीव्ही, मग डबी. तसं केलं आणि चित्र आलं. अक्कांना ते लगेच पटलं. घरमालक झोपलेला असताना पाहुण्यानं कडी वाजवून काय उपयोग, असं त्या म्हणाल्या, आणि कडक भाकरीची चवड नि शेंगाचटणीची पुडी माझ्या हातात दिली. ऐकू यावं म्हणून मी डबीच्या दुसऱ्या भोकाला त्यांचा जुना स्पीकर जोडून दिला. त्यानंतर टीव्हीचा आणि आवाजाचा संबंध राहिला नाही. ही गोष्ट पुढं कामाला आली.

अक्कांनी डबीतले सगळे खेळ एकेकदा चाखून बघितले आणि एकच ठेवला. त्यात दोन शिपाई असतात, एक लाल पँटवाला, एक निळ्या. दोघांनी शेजारी-शेजारी पळत, उड्या मारत, गोळ्या झाडत जंगल पार करायचं. अक्का लाल शिपाई चालवायच्या. मागावर तयार झालेली बोटं ती, बटणावर अशी पडायची की मी थक्क होऊन बघत राहायचो. शत्रूला त्या कानडीत शिव्या द्यायच्या. निळा शिपाई मात्र सुरुवातीच्या झाडाखाली नुसता उभा राहायचा आणि पहिल्या गोळीला मरायचा, कारण दुसरा कंट्रोलर हातात घेणारं घरात कुणी नव्हतं.

आता भावाबद्दल. मलकप्पा त्यांचं नाव, मंगळवेढ्याला ज्वारीची शेती आणि एक छोटं किराणा दुकान. अक्कांच्या मुलाच्या लग्नात ते नवऱ्यामुलाचे मामा, म्हणजे पहिला फेटा त्यांचा. पण ऐन वेळी कारखानदारांचे कुणी पुढारी मांडवात आले, आणि अक्का घाईत फेटेवाल्याला म्हणाल्या, आधी त्यांना बांध. मामांना दुसरा फेटा मिळाला. त्यांनी तो डोक्यावरून उतरवला, घडी घालून खुर्चीवर ठेवला, पंगतीला बसून पोटभर जेवले, कारण अन्नावर राग काढायचा नसतो, आणि एक शब्द न बोलता एसटीनं निघून गेले. तो शब्द त्यानंतर आलाच नाही. वर्षं गेली. दर सुगीला ज्वारीचं पोतं मात्र न चुकता टेम्पोनं यायचं. अबोला होता, पण बहिणीनं बाजारची ज्वारी खावी इतका नव्हता.

डबी आली त्या वर्षी टेम्पोवाला आजारी पडला आणि पोतं घेऊन मामा स्वतः आले. मी तेव्हा तिथंच होतो, काहीतरी वायर दाबत. दारात पोतं ठेवून ते पाठ फिरवणार, एवढ्यात त्यांचं लक्ष टीव्हीकडं गेलं. लाल शिपाई पुढं पळत होता. निळा झाडाखाली गोळ्या खात उभा.

“त्यो दुसरा गडी मरायलाय की,” ते दाराच्या चौकटीला म्हणाले. “कुणीच न्हाय व्हय त्याला चालवायला?”

अक्कांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. त्या मला म्हणाल्या, सांग पाहुण्याला, कंट्रोलर टेबलावर हाय. मी एक हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ते सांगितलं. मामांनी चपला काढल्या.

त्यानंतर मामा दर मंगळवारी यायला लागले. दुकानाचा माल आता सोलापुरातूनच घ्यावा लागतो, असं कारण होतं. माल घेऊन झाला की परतीच्या गाडीपर्यंत बहिणीच्या घरी खेळायचं. एकमेकांशी बोलायचं मात्र नाही. मी सुट्टीचा सापडलो तर माझ्यामार्फत, नाहीतर वस्तूंमार्फत. अक्का चहाच्या कपाला सांगायच्या, की साखर कमी घातलीय, डॉक्टरनं सांगितलंय म्हणं कुणालातरी. मामा पंख्याकडं बघून म्हणायचे, हितल्या बाईंनी गुडघ्याला तेल लावलं पायजे, उठताना आवाज येतोय. त्या घरात पंख्याला आणि कपाला दोन्ही घरच्या सगळ्या बातम्या ठाऊक होत्या.

खेळताना तर बोलायची गरजच पडायची नाही. समोर चित्र असलं की सगळं दिसतंच. कोण कुठं आहे, कुणाला गोळी लागतेय, कुणी उडी मारली. दोघं तासन्‌तास शेजारी बसायची, खांद्याला खांदा लागायचा, आणि तोंडातून अवाक्षर नाही. माझी बायको म्हणाली, बरी सोय झालीय, कितीतरी संसार याच तत्त्वावर चाललेत. ती हे माझ्याकडं न बघता म्हणाली.

म्हणूनच चित्र जाणं हे अक्कांना फार मोठं संकट वाटायचं. तसं एकदा मोठंच झालं. दोन्ही शिपायांचे किती जीव उरलेत ते वरच्या कोपऱ्यांत दिसतं, लालचे डावीकडं, निळ्याचे उजवीकडं. काही टीव्हींना चित्र जरासं ताणून दाखवायची खोड असते, त्यात कडा कापल्या जातात. अक्कांच्या टीव्हीवर डाव्या कोपऱ्यातले जीव अर्धेमुर्धे दिसायचे, उजव्या कोपऱ्यातले पार गायब. बरेच मंगळवार कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मामांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि पंख्याला सांगितलं, की हितंबी माझंच कापलंय. आणि गेले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत.

अक्का जेवल्या नाहीत, असं कामवाली वर येऊन सांगून गेली. मी संध्याकाळी गेलो, तर त्या टीव्हीचा उजवा कोपरा टॉवेलनं पुसत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मी न्हाय रे कापलं मिलिंदा. शपथ. टीव्हीनं कापलं.” जिन्याच्या वळणावर बराच वेळ घालवल्यावर मला टीव्हीच्या रिमोटमध्ये चित्राच्या मापाची एक जागा सापडली. तिथं हवं ते माप निवडलं आणि चित्र चारी बाजूंनी आत आलं. उजव्या कोपऱ्यात निळ्याचे जीव ओळीनं उभे. अक्कांनी मला त्याचा फोटो काढायला लावला आणि मंगळवेढ्याला पाठवायला सांगितला. थोड्या वेळानं मामांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. “सायेब, दिसलं. मंगळवारी येतो म्हनावं.” अक्कांनी तो मला पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. ऐकू नीट आलं नाही म्हणाल्या. सगळ्या बिल्डिंगला आलं होतं.

मग आली वीज. टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची आणि चित्र विझून परत यायचं. बाहेर लख्ख ऊन. अक्कांनी देवाचं नाव घेऊन घरातले सगळे प्लग काढले, आमच्या मजल्यावर येऊन आमचेही काढले. प्रत्यक्षात त्यांनी डबीचा चार्जर हरवून तिला एका जुन्या मोबाइलचा लावला होता, आणि त्या चार्जरची ताकद पुरत नव्हती म्हणून डबी तक्रार करत होती. मी योग्य चार्जर आणून दिला. अक्का म्हणाल्या, उपाशी हाय असं तोंडानं सांगता येत न्हाय व्हय, वीज कशाला पाडायची.

त्या खेळात आणखी एक सोय होती. आपले जीव संपले, तर एक बटण दाबून जोडीदाराचा एक जीव घेता यायचा. मामांना बटण सापडलं तेव्हापासून ते बिनदिक्कत घ्यायला लागले. अक्का जपून खेळायच्या, जीव राखायच्या, आणि बघता बघता ते निळ्याच्या खात्यात जायचे. एका मंगळवारी त्यांना राहवलं नाही. मला म्हणाल्या, सांग पाहुण्याला, उसनं न्यायचं तर मागून न्यावं, असं उचलून न्यायचं नसतं.

मामा पंख्याकडं बघत होते. “मागायला बोलावं लागतं,” ते म्हणाले.

मी चहाचं निमित्त काढून वर आलो. दोघांनाही बोलायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न फेट्यापेक्षा मोठा होऊन बसला होता.

त्या वर्षी मामांचा निरोप आला, की या खेपेला दसऱ्याला येतो. त्या फेट्याच्या लग्नानंतर ते सणाला कधी आले नव्हते. अक्का हरखून गेल्या. पुरणासाठी डाळ निवडताना त्यांचा आवाज पार बसस्टॉपपर्यंत जात असावा. मला बोलावून त्यांनी डबीची, टीव्हीची, स्पीकरची तपासणी करून घेतली. सगळं उत्तम होतं. तिथं थांबल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती.

पण मध्ये खंडेनवमी होती. कारखान्यात त्या दिवशी सगळे माग बंद ठेवून, धुऊनपुसून, प्रत्येक भागाला हळदकुंकू वाहायचं आणि अक्षता टाकायच्या. माग गेले, तरी अक्कांची पूजा चुकली नव्हती. मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर सगळ्यांची व्हायची. त्या वर्षी डबीचा मान पहिला. त्यांनी सगळे दोरे सोडवले, डबी कोरड्या टॉवेलनं लख्ख पुसली, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वायरच्या तोंडांनाही कुंकू लावलं आणि जिथलं तिथं परत जोडलं. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं. म्हणून चालवून काही बघितलं नाही.

दसऱ्याला मामा आले ते पांढरा सदरा, धोतर, खिशात आपट्याच्या पानांचा गड्डा. मला सोनं दिलं, माझ्या बायकोला दिलं. बहिणीच्या बाजूला वळले आणि हात खिशातच राहिला. सोनं देताना थोरलीच्या पाया पडावं लागतं, आणि नुसतं पडून भागत नाही, काहीतरी म्हणावं लागतं. ते सोफ्यावर जाऊन बसले. खेळून झाल्यावर बघू, असं पंख्याला म्हणाले.

अक्कांनी टीव्ही लावला. मग डबी लावली. स्पीकरमधून ओळखीचं संगीत सुरू झालं. टीव्हीवर काळोख. सिग्नल नाही.

मी रिमोट घेतला, सगळं बघितलं. चार्जर योग्य, माप योग्य, भोक योग्य. मामांनी घड्याळाकडं पाहिलं. अक्का मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, म्हणजे मामांना स्पष्ट ऐकू जाईल अशा बेतानं. “मिलिंदा, चित्र न्हाय आलं तर त्यो उठून जाईल रे. बोलायचं तर आमच्यात न्हाईच. बघायला तरी कायतरी पायजे की दोगांना.” त्यांचे डोळे भरून आले होते. मामा पंख्याकडं बघत होते, आणि पंखा बंद होता.

मी टीव्हीच्या मागं शिरलो. मोबाइलचा उजेड पाडून पालथा पडलो आणि वायर काढली. इकडं काय करावं ते न सुचून अक्कांनी सवयीनं कंट्रोलरचं बटण दाबलं, आणि खेळ सुरू झाला. चित्र नव्हतं, पण आवाज होता. पावलांचा, गोळ्यांचा, पाण्याचा. मामांच्यानं राहवेना. निळा झाडाखाली मरणार, ते त्यांना कानानंच कळलं. त्यांनी दुसरा कंट्रोलर उचलला.

पहिला टप्पा दोघांना तोंडपाठ होता. संगीत बदललं की ओढा, ढोलासारखा आवाज आला की पूल. पण शेजारचा गडी कुठं आहे ते मात्र काळोखात कळेना. अक्का ओरडल्या, मिलिंदा, सांग त्याला, पूल आला, उडी मारायची. मी टीव्हीमागून मान वर काढून म्हणालो, मामा, पूल आला म्हणतात. तोवर पूल पडून गेला होता. निळा बुडाल्याचा आवाज आला. असंच आणखी एकदा झालं. तिसऱ्या माणसामार्फत गोळी चुकवता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं आणि त्या दोघांनाही.

“मिलिंदा, सांग त्याला,” अक्का म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांचा तो सगळ्या बिल्डिंगला उठवणारा आवाज आला. “तम्मा, वाक.”

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मामा वाकले. निळा वाकला असणार, कारण गोळी वरून गेल्याचा आवाज आला. टीव्हीच्या मागून मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. मग मामांचा आवाज आला, अगदी लहान झालेला.

“अक्का, कुटं हायस गं?”

“हितंच हाय की. तुज्या शेजारीच हाय. चल फुडं.”

मला त्याच वेळी बिघाड सापडला होता. वायरच्या तोंडात कुंकवानं लाल झालेला एक तांदूळ रुतून बसला होता. अक्षतेचा. त्यामुळं वायर भोकात पूर्ण जात नव्हती; टीव्ही जागा आहे एवढं डबीला कळत होतं, पण चित्र पलीकडं पोचत नव्हतं. मी तो पिनेनं काढला. आता वायर फक्त आत ढकलायची होती, की लगेच चित्र आलं असतं. मी ती ढकलली नाही. धुळीत हनुवटी टेकून तसाच पडून राहिलो. माझी बायको सांगते, की ती मला हाक मारायला दारात आली होती आणि टीव्हीच्या मागं नुसतेच दोन पाय बघून परत गेली. मला त्या वेळी हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही आवाज न करता करणं, तेही पालथं पडून, सोपं नसतं.

दोघं कुठवर पोहोचली, कोण जाणे. उजवीकडं हो, मागं बघ, थांब की जरा, तुला लहानपणापासून घाई, असं चाललं होतं. जीव संपले तेव्हा मामांनी विचारलं, “अक्का, एक जीव देतीस का?” त्या म्हणाल्या, घे की, मागितलास न्हवं. तेही संपल्यावर मी हळूच वायर ढकलली आणि चित्र आलं. कुणी बघितलंच नाही. पूल कुणामुळं पडला यावर दोघांचं जुंपलं होतं. ते आटोपल्यावर मामा उठले, वाकले आणि म्हणाले, सोनं घे. तांदळाबद्दल मी आजवर बोललो नाही. अक्कांना वाटतं, मी टीव्ही दुरुस्त केला.

पुढच्या मंगळवारपासून खेळ कमी आणि बोलणं जास्त व्हायला लागलं. बोलणं म्हणजे भांडणच. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं क्रमवार काढायचं होतं. थंडी पडली, मंगळवेढ्याच्या रानात हुरडा आला, आणि मामा बहिणीला चार दिवसांसाठी न्यायला आले. चार दिवसांच्या त्या आता तिकडच्याच झाल्यात.

रिक्षातून त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. अक्कांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली डबी होती. गाडी लागली, दोघं चढली, आणि खिडकीशी कुणी बसायचं यावरून सुरू झालं. तिथून ते विहिरीत कुणी कुणाला ढकललं होतं तिथवर गेलं, मग आईनं शेवटचा लाडू कुणाला दिला होता तिथवर. अक्कांचा आवाज सगळ्या स्टँडवर भरून राहिला होता. बाकीचे प्रवासी मागं वळून बघत होते. मामा सहसा हळू बोलणारे, पण तेही आता बहिणीला ऐकू जावं म्हणून ओरडत होते, आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. खिडकीच्या गजातून अक्कांनी मला हात केला, तो करतानाही तोंड भावाकडंच होतं.

कंडक्टर दारात माझ्याशेजारी उभा होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, “घरचीच हायत न्हवं? किती वर्सांचं भांडण हाय हे?”

“नवीनच आहे,” मी म्हणालो. “दसऱ्यापासून सुरू झालंय.”

त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं, आणि घंटी दिली.